वडील म्हणतात "मला नळ्या घालू नका": कायदा, कागद आणि प्रत्यक्ष आयसीयू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ८१ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, साताऱ्यात राहतात. पार्किन्सन्स बराच पुढे गेलाय, वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, पण डोकं शाबूत आहे. "पुन्हा आयसीयू नको, नळ्या नकोत, घरी जाऊ द्या मला" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि आता ते लिहून ठेवायचं म्हणतात. मेलबर्नचा धाकटा भाऊ म्हणतो हे इच्छामरण झालं, भारतात बेकायदा आहे, उद्या तूच गोत्यात येशील. आईला हे पाप वाटतं. आणि तुमचं म्हणणं, कागद केला तरी हॉस्पिटल तो मानणार आहे का?

मी आयसीयूत आयुष्य काढलेला डॉक्टर आहे, वकील नाही. पण हा कायदा आम्हाला रोज लागतो, म्हणून तो नीट वाचावा लागला.

आधी भावाचा मुद्दा. त्याच्या डोक्यात बहुधा इंजेक्शन आहे. डॉक्टरने औषध टोचून रुग्णाचा जीव घेणं भारतात गुन्हा आहे, रुग्णाने हात जोडून विनवणी केली असली तरी. संमतीमुळे तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो, एवढाच फरक. रुग्णाने स्वतः घ्यावं म्हणून औषध आणून देणं ही आत्महत्येला मदत, तीही गुन्हाच. स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, कॅनडात यातलं काही ना काही चालतं, आपल्याकडे नाही. पण तुमचे वडील यातलं काहीच मागत नाहीयेत. ते उपचार नाकारतायत. सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला कोणताही उपचार नाकारता येतो, मग त्यामुळे मरण लवकर का येईना. त्यासाठी कागदसुद्धा लागत नाही, ते बोलले की झालं. संमती नसताना घशात नळी घातली तर उलट डॉक्टरच चुकतो. कागद लागतो तो त्यांना बोलता येणार नाही त्या दिवसासाठी.

इथपर्यंत यायला आपल्या न्यायालयांना बराच काळ लागला, आणि त्याची सुरुवात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात झाली. अरुणा शानबाग तिथल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका वॉर्डबॉयने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवलं आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. विराणींची मागणी फेटाळली, कारण अरुणांची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमच्या परिचारिका, आणि त्यांना ते मान्य नव्हतं. पण त्याच निकालात हेही म्हटलं की जगवणारे उपचार थांबवता येतील, मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. १८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

या प्रकरणावर आपल्याकडे भावनेच्या भरात खूप लिहिलं गेलं. मला त्यातली एक गोष्ट कायम महत्त्वाची वाटत आली: इतकी वर्षं अंथरुणात असलेल्या बाईला त्या परिचारिकांनी बेडसोअर होऊ दिले नाहीत. ज्यांनी कधी रुग्णाची कूस बदललेली नाही त्यांना यामागचे कष्ट कळणार नाहीत. "तिला सोडवा" म्हणणाऱ्यांकडे तर्क होता, "आम्ही सांभाळतो" म्हणणाऱ्यांकडे रोजचं काम होतं. न्यायालयाने कामाला मान दिला, हे मला तेव्हाही पटलं होतं. फक्त एक प्रश्न राहून गेला. अरुणांना स्वतःला काय हवं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीने असलं काही कुठे लिहून ठेवलेलं असतं?

त्याचं उत्तर ९ मार्च २०१८ ला आलं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांना, मान्यता दिली. गंमत अशी की हक्क दिला आणि तो वापरायची वाट इतकी काट्याकुट्यांची केली की कुणी चालेचना. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही, उपचार थांबवायचे का हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळात वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर, दुसरं मंडळ जिल्हाधिकाऱ्याने नेमायचं, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्याने रुग्णाला बघायला यायचं. तोवर रुग्ण कशाला थांबतो! शेवटी इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या आमच्याच संघटनेने न्यायालयात अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ ला नियम सुटसुटीत झाले. आज लागू आहेत ते हे. इंटरनेटवर २०१८ चे नमुने अजून फिरतायत, ते घेऊ नका.

आता वडिलांचा कागद. त्यांनी स्वखुशीने, समजून-उमजून लिहायचा. दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदार शक्यतो घरचे किंवा वारसदार नसावेत. शेजारचे काका, शाळेतले जुने सहकारी चालतील. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. त्यांना बोलता येईनासं झाल्यावर निर्णयाला संमती कोण देणार, त्या व्यक्तीचं किंवा व्यक्तींची नावं त्यात हवीत. हा कागद कधीही रद्द करता येतो, हेही त्यात लिहायचं असतं. एक प्रत त्या व्यक्तीकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे अधिकारी सहजी नेमले गेले नाहीत. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, मग चक्रं हलली. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. तुम्ही नगरपरिषदेत गेलात तर समोरच्या कारकुनाला हे ठाऊक असेलच असं नाही. अर्ज लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

हे झालं नोटरीचं. खरी मेहनत मजकुरात आहे, आणि तिथेच लोक आळस करतात. "मला कृत्रिमरीत्या जगवू नये" हे वाक्य मध्यरात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरच्या काहीच कामाचं नाही. सलाइन कृत्रिम का? ऑक्सिजन? साधी अँटिबायोटिक? वडिलांचा आजार माहीत आहे, त्यामुळे पुढे काय होऊ शकतं याचा बराचसा अंदाज आहे. त्याप्रमाणे लिहा.

पार्किन्सन्समध्ये शेवटी शेवटी गिळणं बिघडतं. घास आणि लाळ श्वासनलिकेत जाते, म्हणून वारंवार न्यूमोनिया. तेव्हा पहिला प्रश्न येणार नाकातल्या नळीचा. बहुतेक घरांत नळी घालतात ती "उपाशी कसं ठेवायचं" म्हणून, आणि नळी घातली की घास श्वासात जाणार नाही या समजुतीने. पण लाळ जातेच, नळीतलं अन्नही उलटून वर येतं. शिवाय माणूस नळी उपसतो म्हणून त्याचे हात बांधतात. ज्या मास्तरांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले चालतील का, हे त्यांनाच विचारा. काही जण म्हणतात, चालेल, नातीचं लग्न बघायचंय. तेही उत्तर बरोबरच आहे. चमच्याने जमेल तेवढं, सावकाश, बसवून भरवायचं आणि त्यातला धोका पत्करायचा, असंही लिहिता येतं.

दुसरा प्रश्न न्यूमोनियाचा. इथे मी सरसकट नकार लिहू देत नाही. घरी किंवा साध्या वॉर्डात अँटिबायोटिक घ्यायला हरकत काय? पुष्कळदा माणूस आठवड्यात उठून बसतो. "वॉर्डातले उपचार चालतील, व्हेंटिलेटर नको" असं स्पष्ट लिहा. किंवा "व्हेंटिलेटर लावावाच लागला तर तीन दिवस, सुधारणा नसेल तर काढावा." ही मुदतीची अट मला फार उपयोगी वाटते, कारण नातेवाईकांना लावण्यापेक्षा काढण्याची भीती जास्त असते. कायद्याच्या आणि वैद्यकीय नीतीच्या नजरेत मात्र न लावणं आणि लावलेलं काढणं यात फरक नाही. काढता येणारच नाही असं म्हटलं तर लोक लावूनच बघणार नाहीत, आणि वाचू शकणारा माणूसही जाईल.

हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का, हेही हवं. ८१ वर्षांच्या माणसाच्या फासळ्या त्यात मोडतात, आणि इतक्या पुढे गेलेल्या आजारात माणूस शुद्धीवर येऊन घरी जाण्याची शक्यता फार कमी. आणखी एक, जे वकील सांगणार नाहीत: गिळता येत नाही म्हणून पार्किन्सन्सच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर अंग लाकडासारखं ताठ होतं आणि शेवटचे दिवस हालात जातात. हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाइड ही शेवटच्या काळात सर्रास दिली जाणारी औषधं या रुग्णांना बाधतात. न्यूरोलॉजिस्टकडून पर्याय लिहून घ्या आणि कागदाला जोडा.

आता हॉस्पिटल मानेल का? रीत अशी आहे. रुग्ण बरा होण्याची आशा नाही आणि त्याला निर्णय घेता येत नाही, असं दिसलं की उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ हॉस्पिटल नेमतं. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळातलं कुणी नाही. त्यांनाही ४८ तास. कागदात नाव असलेल्या माणसाची संमती घ्यायची, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. कळवायचं फक्त, परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहे. लिव्हिंग विल नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच रीत चालते, हे पुष्कळ डॉक्टरांनाही माहीत नाही.

मोठ्या शहरांतल्या थोड्या हॉस्पिटलांत हे होतं. बाकीकडे काय होतं ते सांगतो, कारण तुमच्यावर ती वेळ येऊ शकते. डॉक्टर म्हणतात, "आता काही राहिलं नाही, घरी न्यायचं तर न्या." मग एक फॉर्म पुढे येतो: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. आमच्या बोलीत 'डामा'. मुलगा सही करतो. तोंडातली नळी तशीच ठेवून तिला अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, जोडतात आणि ॲम्ब्युलन्समध्ये कुणीतरी ती दाबत बसतो, बऱ्याचदा एखादा मेहुणा नाहीतर भाचा, ज्याला दोन मिनिटांत ते शिकवलेलं असतं. घरी पोचल्यावर माणसं जमतात, तोंडात गंगाजल घालतात, आणि मग त्या भाच्याला कुणीतरी म्हणतं, "आता थांब." तो थांबतो. ना मॉर्फिन, ना झोपेचं औषध, ना शेजारी डॉक्टर. आणि कागदोपत्री काय, तर हॉस्पिटल शेवटपर्यंत लढत होतं, नातेवाइकांनीच सल्ला मोडला.

माझ्या मते आपल्याकडच्या या सगळ्या चर्चेतली खरी लाज इथे आहे. उपचार थांबवण्याचा निर्णय आम्ही डॉक्टरच घेतो, पण त्याची सही मुलाच्या गळ्यात मारतो. मारहाण होईल, पोलीस येतील, ग्राहक आयोगात खेचतील ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण २०२३ नंतर कायदेशीर वाट असताना आडवाटेने जाण्याला सबब उरलेली नाही.

नीट केलं तर ते असं दिसतं. घरच्यांना आधी सगळं सांगितलेलं असतं. खोलीतल्या मॉनिटरचा पडदा बंद करतात, नाहीतर सगळे रुग्णाकडे बघायचं सोडून आकड्यांकडे बघत बसतात. अलार्म बंद. श्वास लागू नये म्हणून मॉर्फिन आणि गुंगीचं औषध आधीच सुरू. मग नळीची पट्टी सोडवायची, घसा साफ करून नळी काढायची, चिकटपट्टीने सोललेल्या गालाला पेट्रोलियम जेली लावायची, चेहरा पुसायचा. पलंगाचा कठडा खाली, शेजारी बायकोसाठी खुर्ची. कधी काही मिनिटं लागतात, कधी काही दिवस. दुसरी शक्यता आधी सांगावी लागते, नाहीतर घरचे गांगरतात. डॉक्टर जवळपास हवाच. दाखल्यावर मृत्यूचं कारण मूळ आजार लिहिलं जातं, आत्महत्या नाही. विम्याची काळजी म्हणून नका करू.

मॉर्फिनबद्दल तुमच्या भावाला शंका येईलच. श्वासाचा त्रास आणि वेदना कमी करण्यापुरतं, मोजून वाढवत नेलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. हेतू आराम देण्याचा आणि डोस त्या हेतूला साजेसा, ही नीतीतली जुनी आणि अजूनही टिकलेली कसोटी आहे. अडचण मॉर्फिन मिळण्याची आहे. २०१४ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा सैल झाला, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते कुठे मिळतं हे आधीच शोधून ठेवा. ते लिहून देणारा, गरज पडली तर घरी येणारा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे त्रास कमी करून आराम देणारा डॉक्टर आजच गाठा. लिव्हिंग विलपेक्षा मी या माणसाला जास्त महत्त्व देतो. घरी आराम देणारं कुणी नसेल, तर "घरी जाऊ द्या" म्हणणाऱ्या माणसालासुद्धा रात्री दम लागला की घरचे आयसीयूतच आणतात. त्यांचं काही चुकत नाही, डोळ्यांदेखत कुणी गुदमरू देत नाही.

आईच्या शंकेला मी डॉक्टर काय उत्तर देणार? आपल्या परंपरेत मरणाला सामोरं जाण्याचे दाखले कमी नाहीत: उत्तरायणाची वाट बघणारे भीष्म, आळंदीची समाधी, १९६६ मध्ये अन्नपाणी सोडणारे सावरकर, १९८२ मध्ये पवनारला तेच करणारे विनोबा. जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे मरणापर्यंतच्या उपवासाच्या व्रतावर, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पण हे दाखले आईंना देऊ नका. त्या सगळ्यांनी मरण आपणहून जवळ केलं, तुमचे वडील फक्त नळ्या नाकारतायत. आईंना बहुधा धास्ती आहे ती "नवऱ्याला उपाशी मारलं" असं लोक म्हणतील याची. त्यांना सांगा, शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मावळते, जबरदस्तीने घातलेलं पाणी फुप्फुसात घरघर करतं, आणि ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसत राहणं ही तेव्हाची सेवा. ते काम त्यांनाच द्या.

इंजेक्शनला कायद्याने परवानगी असावी का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंत. २०१८ च्या सुमारास गिरगावातल्या एका मूलबाळ नसलेल्या, धडधाकट वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून तीच परवानगी मागितली होती. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, मिनू मसानींनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. त्यांच्या मागणीतला स्वाभिमान मला कळतो. मोटर न्यूरॉन या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णाला शेवटी फक्त डोळे हलवता येतात, तेव्हा "उपचार नाकारा" एवढंच सांगणं मलाही तोकडं वाटतं. तरी आज तरी मी त्या कायद्याच्या बाजूचा नाही. "आजीचं वय झालंय, आता आयसीयू कशाला" आणि "आजोबांसाठी काहीही करा, जमीन विकू" ही दोन वाक्यं मी एकाच घरातून ऐकलीत. बिलाचा आकडा ऐकल्यावर म्हाताऱ्या माणसांचं "मला नको आता" किती स्वखुशीचं असतं हे ओळखणं महाकठीण. जिथे मॉर्फिनची गोळी मिळत नाही तिथे मरणाचं इंजेक्शन मिळायला लागलं तर ते कुणाच्या वाट्याला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

भावाला यात बाहेर ठेवू नका. परदेशातून शेवटच्या रात्री येणारा मुलगा सगळं उलथून टाकतो, हे आमच्याकडे इतकं घडतं की त्यावर विनोद चालतात. संमती देणारे म्हणून दोघांचीही नावं घालायची की तुमचं एकट्याचं, हे वडिलांनी त्याच्यासमोर व्हिडिओ कॉलवर सांगू दे, आणि कारणही सांगू दे. माझा कल एकाच नावाकडे आहे, कारण मेलबर्नचा फोन पहाटे तीनला लागेलच असं नाही. नोटरीकडे जाण्याआधी फॅमिली डॉक्टरकडून वडिलांची समज शाबूत असल्याचं सर्टिफिकेट त्याच आठवड्याच्या तारखेचं घ्या. पार्किन्सन्सच्या माणसाची सही बारीक आणि थरथरती होते, आणि उद्या शंका घ्यायचीच असेल तर कुणीही तिथूनच सुरुवात करेल. गोळी घेतल्यानंतर तासाभराने हात स्थिर असतो, त्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या. कागदाची एक झेरॉक्स औषधांच्या डब्यात आणि फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा.